ज्याचं वाकडं, त्याच्या हाती दोर

त्या सकाळी आबांनी कमरेच्या दोराचं टोक उचललं, सगळ्या टोळीवरून एकदा नजर फिरवली आणि ते टोक आपल्या थोरल्या मुलाच्या हातात दिलं.

"आजपासून जावईबापूंचा दोर तुझ्याकडे."

विहिरीच्या काठावरच्या सगळ्या माना वळल्या. घण चालवणाऱ्या घण्याने तळहातावर थुंकायला म्हणून जमवलेली थुंकी गिळून टाकली. थोरल्याचे कान तापले. चारचौघांत कोणीतरी आपला सदरा वर करून पोटातलं दुखणं दाखवावं, तसं त्याला झालं.

विहिरी खोदणाऱ्या या टोळीचा नियमच तसा होता. विहिरीत उतरणाऱ्या माणसाच्या कमरेला दोर बांधायचा आणि त्याचं दुसरं टोक काठावर अशाच्या हातात द्यायचं, ज्याचं त्या माणसाशी वाकडं आहे. मित्राला दोर द्यायचा नाही. आबा सांगत, "मित्र गप्पा मारतो. भाऊ घाबरतो. वाकडं असलेला माणूस पापणी हलवत नाही. हा कुठं चुकतोय, ते त्याला बघायचंच असतं. आणि वर त्याला धाक असतो, की दोर सुटला तर सगळे म्हणतील यानंच सोडला. म्हणून तो जिवापलीकडे घट्ट धरतो."

आबा मुकादम झाल्यापासून टोळीतला एकही माणूस विहिरीत दगावला नव्हता. भांडणं मात्र भरपूर झाली होती. टोळीत फार गोडीगुलाबी दिसली तर आबांना झोप लागत नसे. एकदा सगळे आठवडाभर गुण्यागोविंदाने वागले, तेव्हा आबांनी काम थांबवलं आणि एकाचा तंबाखू दुसऱ्याच्या खिशात नेऊन ठेवला, तेव्हा कुठे काम पुढे सुरू झालं.

त्यामुळे आबांनी हातात दोर दिला म्हणजे नुसता दोर दिला असं होत नसे. कोणाच्या पोटात कोणाबद्दल काय आहे, याची ती दवंडी असे. घण्याचा दोर 'पण'कडे होता. घण्या जन्मतः चिडलेला. त्याला आबांनी मुद्दाम तळाला ठेवलं होतं, कारण तिथे राग खडकावर निघतो आणि वर शिव्या नीट ऐकू येत नाहीत. 'पण' हा दुसरा गडी. तो कुठल्याही वाक्यावर "पण" म्हणायचा. लग्नात त्याला पसंती विचारली तेव्हाही तो "पण" म्हणाला होता, आणि बायको अजून त्यापुढचं ऐकायला थांबली आहे, असं टोळीत म्हणत. तो दिवसभर काठावर दोराची गाठ तपासायचा. तपासून झाली की पुन्हा तपासायचा, कारण पहिल्यांदा आपण नीट तपासली का, याची त्याला शंका असायची.

अपवाद एकच होता. थोरला खाली उतरला, की त्याचा दोर आबा स्वतः धरत. मिसरूड फुटल्यापासून धरत आले होते. बाप आहे, पोराचा दोर दुसऱ्याच्या हाती कसा देईल? थोरल्याला या अपवादाचा फार अभिमान होता. दोर ताणला, की पाठीवर बापाचा हात असल्यासारखं त्याला वाटायचं.

आणि आता त्याच बापाने त्याचा मत्सर असा काठावर वाळत घातला होता.

"बांधा की दादा घट्ट," जावईबापू कमरेशी दोर धरून हसत म्हणाले. "तुमच्या हाती दोर म्हणजे मला काळजीच नाही."

एवढंही कळत नव्हतं त्या माणसाला. किंवा कळत होतं आणि तरीही हसत होता. थोरल्याला यातलं कुठलं जास्त वाईट, ते ठरवता येईना. त्याने गाठ मारली ती अशी, की जावईबापूंचा श्वास अडकला.

"झकास!" जावईबापू म्हणाले.

जावई म्हणजे थोरल्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तिकडे दगडाच्या खाणीत कामाला होता. खाण बंद पडली तेव्हा दोघं चार दिवसांसाठी म्हणून इकडे आले, आणि ते चार दिवस संपायचं नाव घेत नव्हते. तसं नाव ठेवायला जागा नव्हती. गडी सगळ्यांच्या आधी उठायचा. चिखलात उतरून वर आला तरी त्याचा भांग जागच्या जागी. उन्हाने थोरल्याचं नाक सोलून निघालं होतं, याचा रंग उलट उजळला होता. डास रात्रभर थोरल्याला फोडून काढायचे आणि जावयाच्या अंथरुणावरून पाहुण्यासारखे अदबीने निघून जायचे. घण्यासुद्धा याच्याशी बोलताना शिवी देण्याआधी थांबायचा. दिली तरी मागे 'बापू' लावायचा.

त्यातून आबांचे गुडघे गेले होते. काठावरच्या दगडावर बसले, की उठताना दोघांनी धरावं लागे. हा हंगाम संपला की मुकादमकी दुसऱ्या कोणाकडे जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मुकादमकी म्हणजे आबांच्या गळ्यातली पितळी शिटी. एक शिटी वाजली की वर ओढा, दोन वाजल्या की थांबा. आबा ती झोपेतही काढत नसत. एकदा दुपारी शिटी ओठांत धरून ते घोरायला लागले, तर डोळा लागलेली सगळी टोळी उठली आणि अर्ध्या झोपेत आबांची खाट ओढायला लागली. ती शिटी थोरल्याला हवी होती. पोरवयापासून हवी होती. आणि हल्ली आबा ती बोटांत फिरवत जावयाकडे बघत बसायचे.

*

काम होतं एका मळेवाल्या बाईंच्या विहिरीचं. पाऊस दोन वर्षं रुसला होता. विहिरीच्या तळाला ओल उरली होती ती शिंपलीभर. फळझाडांची पानं कडेने वळायला लागली होती, आणि बाई रोज सकाळी काठावर येऊन आधी खाली बघायच्या, मग आबांकडे बघायच्या.

"मुकादम, झाडं माझ्याशी बोलायची बंद झालीत," त्या म्हणाल्या.

"खडक आहे, बाई. काळा लागलाय."

"खडक काळा आहे, माझी काय चूक? पलीकडच्या टोळीकडे इंजिन आहे म्हणे. त्यांना सांगू का?"

 खाली घण्याचा घण पडत होता. पाटीत भरलेला दगड चौघं मिळून कप्पीवरून वर ओढत होते. पाटी वर येईपर्यंत चौघांच्या मानेच्या शिरा दोरासारख्या फुगायच्या, आणि एवढं ओढून वर यायचा तो टोपलीभर दगड. दिवसभर खपून विहीर वीतभर खाली जायची. संध्याकाळी हाताची बोटं उघडायची नाहीत, घास घेताना ताट वर उचलावं लागायचं.

त्या संध्याकाळी घरी ताटं वाढली गेली. ताटात उकडलेली अंडी होती. थोरल्याने बसायच्या आधीच बघून घेतलं. जावयाच्या ताटातलं अंडं मोठं होतं.

"काय बघताय?" त्याची बायको हळूच म्हणाली.

"काही नाही."

"रोज बघता. अंडी कोंबडी घालते, मी नाही. तिला सांगा, सारखी घालत जा म्हणून."

"पण मोठं दर वेळी तिकडेच कसं जातं?"

"जावई आहेत ते घरचे. आणि तुम्हाला हो काय 'पण' लागला? त्या दोरवाल्याचा संसर्ग झाला का?"

जावईबापूंनी तेवढ्यात अंडं उचललं, निम्मं केलं आणि निम्मं आबांच्या ताटात ठेवलं. आबांचा चेहरा उजळला. थोरल्याने आपलं लहान अंडं अख्खं तोंडात कोंबलं. ते घशात अडकलं. जावईबापूंनीच धावत येऊन त्याच्या पाठीवर थापा मारल्या.

"सावकाश, दादा, सावकाश."

अंडं खाली उतरलं. अपमान मात्र घशातच राहिला.

मग जेवता जेवता जावयाने विषय काढला. खाणीत यारी असायची, तो म्हणाला. इंजिन, पुढे लोखंडी हात, त्याला तारेचा दोर. चौघं ओढतात त्याच्या दसपट दगड एका दमात वर. त्याच्या ओळखीच्याकडे एक यारी नुसती पडून होती.

दुसऱ्या दिवशी काठावर टोळी बसली.

"इंजिन?" घण्या म्हणाला. "माझ्यापुढे आणा त्याला. कोण आधी दमतं ते बघू."

"पण ते बंद पडलं तर?" पण म्हणाला. "आणि बंदच पडलं नाही तर?"

"इंजिन आणायचं कारण नाही," थोरला म्हणाला. कारण त्यालाही सुचलं नव्हतं, पण जावयाने सुचवलं एवढं त्याला पुरेसं होतं. "आपल्या हातांना काय झालंय?"

सगळ्यांनी आपापल्या हातांकडे बघितलं. काय झालंय ते दिसत होतं. थोरल्याने आपले हात मागे घेतले.

"कमरेचे दोरही लागणार नाहीत," जावई उत्साहाने म्हणाला. "माणूसही डोलातूनच, म्हणजे यारीच्या लोखंडी बादलीतूनच, खाली जाईल. नाहीतर दोर तारेत गुंततात."

आबांनी शिटी बोटांत फिरवली. बराच वेळ फिरवली.

"दगडाचं ठीक आहे, जावईबापू. पण मला एक सांगा. इंजिनाचं कोणाशी वाकडं?"

"म्हणजे?"

"खालच्या माणसावर नजर कोण ठेवणार? इंजिनाला हेवा वाटतो का कोणाचा?"

"आबा, मी असेन ना यारीच्या दांड्यावर. मी ठेवीन नजर. सगळ्यांवर ठेवीन. मला सगळेच आवडतात."

आबांच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात मळेवाल्या बाई काठावर आल्या. त्यांनी खाली बघितलं आणि मग आबांकडे बघितलं.

"आणा," आबा म्हणाले.

*

यारी आली. पिवळा रंग उडालेली, एका चाकाला वायर गुंडाळलेली. सुरू झाली तेव्हा पाखरं उडाली आणि घण्याने तिला शिवी दिली. मागे 'बापू' लावलं नाही. जावई दांड्यावर बसला. तारेचा दोर सरसर खाली गेला, लोखंडी डोल भरला, आणि सगळी टोळी रिकाम्या हातांनी बघत उभी राहिली. डोल वर आला. चौघांच्या अर्ध्या सकाळचं काम होतं ते. रिकामे हात कुठे ठेवायचे, ते कोणालाच कळेना. एकाने घडी घातली. एकाने खिशात घातले, पण त्याला खिसा नव्हता.

मळेवाल्या बाई पहिल्यांदा हसल्या. जावयाकडे बघून हसल्या.

तो संबंध दिवस थोरल्याने वर आलेला एकेक डोल मोजला. दुसऱ्या दिवशी घण्याच्या जोडीला खाली उतरायची पाळी त्याची आली. आबा सवयीने दोर घेऊन उठायला लागले. गुडघे उठेनात.

"राहू द्या ना, आबा," जावई म्हणाला. "गुंतेल तारेत. मी आहे."

आबांनी दोराकडे बघितलं. मग दोर गुंडाळून ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा थोरला कमरेला काही न बांधता खाली गेला. डोलात उभं राहून जाताना त्याने कमरेवर हात ठेवला. तिथं नागड्यासारखं वाटत होतं.

तळाला गारवा होता आणि दगडाच्या चुऱ्याचा वास होता. घण्या एका कोपऱ्यात खडकाशी भांडत होता. थोरल्याने डोल भरला. डोल वर निघाला. नियमाने आता वाकून पुढचा दगड फोडायचा असतो. पण थोरला वाकला नाही. तो वर बघत राहिला. वर आभाळाचा गोल तुकडा, त्याच्या काठावर दांडा धरलेला जावई, त्याच्यामागे ऊन. अगदी तसबिरीत बसवल्यासारखा. 'बसलाय बघा कसा,' थोरल्याच्या मनात आलं. 'जसं काही विहीर यानंच शोधून काढली.' मान दुखायला लागली तरी त्याची नजर हलेना.

म्हणून त्याला सगळं दिसलं. मळेवाल्या बाई चहा घेऊन आल्या. जावयाने मान वळवली.

"बाई, थोरल्या दादांना पण ठेवा हं," त्याचा प्रेमळ आवाज विहिरीत घुमला. "त्यांना दोन चमचे साखर. त्यांना गोड आवडतं."

आणि तो हे सांगत असताना भरलेला डोल काठाच्या कडेला खटकन अडला. एका बाजूला कलला.

"घण्या, भिंतीला!" थोरला ओरडला, घण्याला ढकलत स्वतः भिंतीला चिकटला. दगड खाली आला. थोरला जिथे वाकलेला असायला हवा होता, बरोबर तिथे पडला. त्याचं घमेलं चपटं झालं, ताटासारखं. मागून बारीक खडी पडत राहिली, टपटप, टपटप. दोन शिट्या वाजल्या. इंजिन थांबलं.

घण्या काही वेळ त्या दगडाकडे बघत राहिला. त्याने शिवी दिली नाही. 

वर काढलं तेव्हा जावई गुडघ्यांवर बसून रडत होता. त्याने थोरल्याचे पाय धरले. "दादा, मी तुमच्या चहाचंच सांगत होतो. तुमच्याच चहाचं!"

थोरल्याने पाय सोडवून घेतले.  बाईंनी त्याच्या हातात कप दिला. चहात दोन चमचे साखर होती. आणि खरंच, त्याला तेवढीच आवडायची. त्याला त्याचाही राग आला. एवढं रडणंही त्या माणसाला शोभून दिसत होतं.

*

संध्याकाळी आबा अंगणात गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. थोरला शेजारी येऊन टेकला. खांद्याला खडी लागली होती, तिथं लाल झालं होतं.

"बघू," आबा म्हणाले. तेलाचा हात त्यांनी त्याच्या खांद्यावर फिरवला.

"तुम्ही दोर धरला असता तर हे झालं नसतं," थोरला म्हणाला.

"नसतं झालं."

"बाप तो बाप शेवटी. नियम मोडून दोर धरायचात माझा."

आबांचा हात थांबला.

"नियम कधी मोडला मी?"

"मोडायचातच की. माझं-तुमचं काय वाकडं होतं?"

आबांनी तेलाची बाटली बूच लावून बाजूला ठेवली. मग परत काढली. परत ठेवली.

"तू पंधराचा झालास तेव्हा माझा पहिला गुडघा गेला," ते म्हणाले. "तू एका उडीत काठावर चढायचास. मी खालून बघायचो. आणि घरी आलो की तुझी आई मोठं अंडं तुझ्या ताटात ठेवायची. 'वाढत्या अंगाचा आहे,' म्हणायची. मी म्हणायचो, बरोबर आहे. पण बघायचो मी. रोज बघायचो."

थोरल्याने सदरा खांद्यावर ओढून घेतला.

"तुला वाटलं माया होती?" आबा म्हणाले. "माया असती तर हात थरथरले असते माझे. जळायचो मी. म्हणून कधी सुटला नाहीस."

"बाप पोराचा हेवा करतो का कुठे?"

"करतो. सांगत नाही."

"मग आज का सांगितलंत?"

"आज गुडघे उठले नाहीत म्हणून," आबा म्हणाले आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "सूनबाई, पाणी आण गं!"

थोरला उठला आणि गोठ्याकडे गेला. गोठ्यात काही काम नव्हतं. म्हशीच्या कुशीशी उभा राहिला. म्हैस मान वळवून त्याच्याकडे बघत रवंथ करत राहिली. इतकी वर्षं पाठीवरचा हात म्हणून जो जपला होता, तो हात काय होता ते त्याला आज कळलं होतं. पण दोर तर घट्टच होता. एकदाही सैल पडला नव्हता. आता याच्यावर चिडायचं की रडायचं? म्हशीने शेपूट मारलं. ते नेमकं सोललेल्या नाकावर बसलं.

त्यानंतर तो आबांशी कामापुरतं बोलायला लागला.

*

टोळीची मांडणी आबांनी दुसऱ्या सकाळीच बदलली. यारी राहिली, पण दगडापुरती. माणसाच्या कमरेला दोर परत आला. तारेत गुंतू नये म्हणून तो विहिरीच्या दुसऱ्या अंगाने सोडायचा, एवढी सुधारणा झाली. दांड्यावर 'पण' बसला. त्याला डोल भरला यावरच विश्वास नसायचा, म्हणून तो आधी खाली विचारायचा, मग वर बघायचा, मग पुन्हा खाली विचारायचा. डोल इतका हळू वर यायचा, की त्यावर एकदा चिमणी येऊन बसली. पण परत कधी अडला नाही. घण्याचा दोर दुसऱ्या एकाला दिला. घण्याचं सगळ्यांशीच वाकडं होतं, त्यामुळे माणूस शोधावा लागला नाही.

आणि जावई खाली गेला. त्याचा दोर थोरल्याच्या हाती. आता कान तापले नाहीत. सगळ्यांना माहीतच होतं.

"जावईबापूंना काठावर ठेवायचं नाही," आबांनी सांगून टाकलं. "माणूस सोन्यासारखा आहे. सोन्याचा दोर होत नाही."

पुढे काळा खडक संपला, तांबूस लागला, मग त्यातून घाम फुटल्यासारखी ओल आली. आणि एका दुपारी घण्याने पहार उपसली, तर तिच्यामागून बोटाएवढी धार उसळली. घण्या ओरडत सुटला. नेहमीच्याच शिव्या, पण आवाज आनंदाचा होता. जावई त्या पाण्यात उभा राहून हसत होता. 'पाण्यालाही याच्याच पायाशी यायचं होतं,' थोरल्याला वाटलं, आणि त्याने दोराचा एक वेढा मनगटावर वाढवला.

मळेवाल्या बाई काठावर नुसत्या बसून राहिल्या. आबांच्या ओठांवर शिटी होती, पण ती त्यांनी वाजवली नाही. ते उभे राहायला लागले.

"मला उतरवा," ते म्हणाले.

"आबा, गुडघे..."

"डोलात बसून जाईन. पाण्याला हात लावायचाय. शेवटची विहीर आहे माझी."

सगळे वर आले. आबांना डोलात बसवलं, मांड्यांखाली पोतं घातलं. कमरेला दोर बांधला. आणि तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात एकदमच आलं.

"पण," पण दांड्यावरून म्हणाला, "पण आबांचा दोर कोण धरणार?"

कोणी हललं नाही. आबांशी वाकडं कोणाचं? आणि असलं तरी ते सगळ्यांदेखत कोण सांगणार? घण्याने खाली बघितलं. इंजिन धडधडत राहिलं.

"मी धरतो!" जावई पुढे झाला. केसांतून पाणी गळत होतं. "आबा, मी धरतो. जिवाची शपथ, मान वळवणार नाही."

"तुम्ही नको, बापू."

"का पण? मी कधी कोणाचा दोर धरणारच नाही का?"

"तुम्ही फार चांगले आहात," आबा म्हणाले.

जावयाचा चेहरा पडला. थोरल्याने तो पहिल्यांदाच पडलेला पाहिला.

मग थोरला पुढे आला. त्याने दोराचं टोक उचललं आणि मनगटाला वेढा घेतला. एक, मग दुसरा.  सगळ्यांना कळलं, की थोरल्याच्या पोटात बापाबद्दल काय आहे ते काठावर आलं. त्याने मान खाली घातली नाही.

आबांनी त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तूच का?"

"मीच."

"घट्ट धर मग."

"तुमच्याकडूनच शिकलोय."

आबांनी गळ्यातली शिटी काढली. "दोर धरणाऱ्याकडे शिटी लागते," ते म्हणाले, आणि वाकलेल्या थोरल्याच्या गळ्यात ती अडकवली. गळ्याला पितळ गरम लागलं. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली, तो असा इंजिनाच्या आवाजात, तेलकट पोत्याच्या वासात आला आणि बघायलाही सवड मिळाली नाही, कारण डोल सुटला होता.

थोरल्याने शिटी दातांत धरली आणि दोर सोडायला लागला. टाचा रोवलेल्या, नजर आबांच्या टाळूवर. बापाचं टक्कल त्याने वरून कधी बघितलं नव्हतं. प्रत्येक श्वासाबरोबर शिटी वाजायला लागली. पीं. डोल वर निघाला. पीं पीं. डोल थांबला. पीं. पुन्हा वर. आबा विहिरीच्या मधोमध खाली-वर व्हायला लागले.

"ही शिटी होती की श्वास?" पण दांड्यावरून ओरडला. "पण आधी नक्की सांगा!"

"अरे, नाकानं श्वास घे, मुकादमा!" आबा विहिरीतून गरजले.

सगळे हसले. मळेवाल्या बाईही हसल्या. थोरला हसला नाही. त्याने ओठ मिटले आणि नाकाने श्वास घेतला. डोल खाली गेला, आणखी खाली, आणि पाण्याला टेकला. आबांनी दोन्ही हात पाण्यात बुडवले. काही वेळ ते तसेच बसून राहिले. मग ओंजळ भरून टाळूवर ओतली.

"थोरल्या," खालून आवाज आला, "किती गार आहे रे!"

आणि थोरल्याला हेवा वाटला. विहीर त्याने खोदली, दोर त्याने धरला, आणि गार पाणी आधी बापाच्या डोक्यावर. दोर मनगटात रुतला. त्याने तो आणखी आवळला.

आबांना वर घेतलं, डोलातून उचलून दगडावर बसवलं, तेव्हा कुठे त्याने नजर काढली. मनगटावर दोराचा पीळ उमटला होता. समोर जावई उभा होता. तो आबांकडे बघत नव्हता. पाण्याकडेही बघत नव्हता. थोरल्याच्या गळ्यातल्या शिटीकडे बघत होता, आणि त्याची पापणी हलत नव्हती. भांग विस्कटला होता.

थोरल्याने शिटी जराशी डावीकडे सरकवली. जावयाची नजर डावीकडे गेली.

"जावईबापू," थोरला म्हणाला.

"काय?" त्याने 'दादा' म्हटलं नाही.

"उद्या गाळ काढायला मी उतरतोय. माझा दोर तुम्ही धरा."

दगडावर बसलेल्या आबांनी गुडघा चोळता चोळता वर बघितलं. त्यांनी आधी जावयाचे डोळे बघितले, मग थोरल्याचे.

"हां," ते म्हणाले. "आता चालेल."